हवा कुठे बोलते?

"हवेने गणितं सुटत असती ना, तर एव्हाना सगळे पतंग प्राध्यापक झाले असते!" कंसरावांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं आणि टाळीसाठी हात पुढे केला. टाळी कुणी दिली नाही. पण असल्या किरकोळ गोष्टींनी नाउमेद होतील तर ते कंसराव कसले! त्यांनी आपलाच दुसरा हात पुढे आणून काम भागवलं.

कंसराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते सातवी 'ब'ला गणित शिकवायचे आणि बोलता बोलता कंस उघडायचे. "काल बाजारात गेलो (तसा मी जात नाही (आमच्या हिला माझी भाजीची निवड पसंत नाही (एकदा मी दुधी म्हणून..." असं एकदा सुरू झालं, की ऐकणारा घरी जाऊन जेवून आला तरी एकही कंस बंद झालेला नसायचा. नाव मुलांनी ठेवलं, शिक्षकांनी उचललं आणि एका वर्षी तर ते शाळेच्या वेळापत्रकातही छापून आलं.

वाद नव्या इमारतीचा होता. जुन्या शाळेचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा संस्थेने नवी इमारत बांधली, आणि तीही साधीसुधी नाही, वीज वाचवणारी! भिंती पोकळ विटांच्या, म्हणजे ऊन बाहेरच्या बाहेर राहतं. खिडक्यांवर रुंद छज्जे आणि आतल्या बाजूला पांढऱ्या फळ्या. उजेड त्या फळ्यांवरून छताकडे जायचा आणि छतावरून थेट शेवटच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्याच्या डोळ्यांत! वर सौर पट्ट्या, खाली पावसाच्या पाण्याची टाकी. आणि सगळ्यात कौतुकाची गोष्ट म्हणजे हवेची धुराडी. प्रत्येक वर्गाच्या भिंतीत एक पोकळ उभा मार्ग ठेवलेला होता. तळमजल्यावरची गार हवा खालच्या जाळीतून आत शिरायची, भिंतीतून वर चढायची, वर्गातल्या जाळीतून मुलांपर्यंत यायची आणि तापली की छतावरून निघून जायची. पंखा नाही, वीज नाही, घरघर नाही.

हे सगळं जिच्या डोक्यातून निघालं, ती आर्किटेक्ट कंसरावांची जुनी विद्यार्थिनी होती. सातवीत तिला गणितात शंभरपैकी अकरा मिळाले होते. "अकरा!" कंसराव बोटांवर मोजून दाखवायचे, आणि दहा बोटं संपली की चप्पल काढून अंगठा. "जिला त्रिकोणाचे कोन मोजता येत नव्हते (चार यायचे (त्रिकोणाचे!)), ती म्हणे शाळा बांधणार!" रागात मात्र त्यांचे कंस अगदी वेळेवर बंद व्हायचे.

इमारतीच्या कामात शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून कंसरावच होते. आर्किटेक्टने नकाशे 'जरा तपासून द्या, सर' म्हणून हातात दिले, तर यांनी ते खरोखरच तपासले. लाल पेन घेऊन! मापं पडताळली, एके ठिकाणी 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला आणि शेवटच्या पानावरच्या एका ओळीला अडखळले : 'धुराड्यांना आतून आवाज शोषणारं अस्तर.' कंसरावांनी ती ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, 'अनावश्यक. हवा कुठे बोलते?' मग सबंध नकाशाला शंभरपैकी त्रेचाळीस गुण देऊन खाली झोकात सही केली. संस्थेला काटछाट हवीच होती. अस्तर गेलं ते गेलंच.

"तुम्ही काहीही म्हणा," मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "चांगली हवा, चांगला उजेड मिळाला की मुलांचं लक्ष लागतं. निकाल सुधारतो."

"माझ्या वर्गाचाही?"

"तुमच्या वर्गाचाही."

"मग ऐका!" कंसराव उभे राहिले. "या इमारतीच्या हवेमुळे माझा अख्खा वर्ग गणितात पास झाला, तर ही मिशी उतरवीन. सगळ्यांच्या साक्षीने सांगतोय!"

मिशी म्हणजे काही ऐरीगैरी नव्हती. दोन्ही टोकं वर वळलेली, बरोबर साठ अंशांत. कंसराव रोज सकाळी कोनमापक लावून ती पाहतात, अशी वदंता होती, आणि खरं सांगायचं तर ती वदंता नव्हती.

आता या बढाईच्या पोटात काय होतं तेही सांगायला हवं. कंसराव त्या वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. एकतीस वर्षं त्यांनी सातवीला गणित शिकवलं होतं आणि त्या एकतीस वर्षांत एकदाही त्यांचा अख्खा वर्ग पास झाला नव्हता. कधी पाच राहायचे, कधी पंधरा. ते ओरडायचे, खडू फेकायचे, फळा बडवायचे. पोरं घाबरून येत असलेलंही विसरायची. निवृत्त होण्याआधी एकदा, फक्त एकदा, निकालाच्या कागदावर 'अनुत्तीर्ण : शून्य' असं लिहायची त्यांची फार फार इच्छा होती. हे त्यांनी बायकोशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

कंसरावांची पेपर काढायची पद्धत जगावेगळी होती. प्रश्न नुसता लिहायचा नाही, मोठ्याने वाचायचा. तीनदा. मग तो मोठ्याने सोडवायचा, पायरी न पायरी, आणि तोही कुणाला तरी समजावून सांगत. हा कुणीतरी म्हणजे 'बाळ्या'. बाळ्या नावाचं कुणी वर्गात नव्हतं. कंसरावांच्या मनातला तो एक कच्चा, घाबरट, गोड मुलगा. बाळ्याला समजलं तर प्रश्न बरोबर, नाही समजलं तर प्रश्न बाद.

अर्थात हे सगळं कडेकोट बंदोबस्तात! पेपर फुटण्याची त्यांना भयंकर धास्ती. जुन्या शाळेत ते गच्चीच्या जिन्याखाली बसायचे. नव्या शाळेत त्यांनी चार दिवस हिंडून जागा हेरली : तळमजल्यावरची नकाशांची खोली. गुंडाळलेले नकाशे, एक पिचलेला पृथ्वीगोल आणि एक टेबल. खिडकी नाही. दाराला आतून कडी. भिंतीत एक जाळी होती, पण तिच्यापलीकडे फक्त अंधार, आणि तिच्यापाशी गारवाही झकास असायचा. कंसरावांनी टेबल त्या जाळीलाच लावलं.

"मामा, रोज चार ते पाच मी आत असणार. चिटपाखरू फिरकता कामा नये!" त्यांनी शिपाईमामांना बजावलं.

"मी येऊ का, पाणी द्यायला?"

"तुम्हीसुद्धा नाही!"

मग कडी लावायची, किल्लीच्या भोकात कागदाचा बोळा घालायचा, दाराखालच्या फटीला जगाचा नकाशा लावायचा, आणि सुरुवात करायची. "हं, बाळ्या, नीट ऐक. घाबरायचं नाही..."

पहिल्या चाचणीत चौतीसपैकी बावीस पास झाले. दरवर्षी पहिल्या चाचणीत जेमतेम बारा व्हायचे. कंसरावांनी पेपर दुसऱ्यांदा तपासले. बावीसच!

दुसऱ्या चाचणीत एकोणतीस.

"मी म्हटलं नव्हतं?" मोठ्या बाई हसल्या. "हवा!"

"कसली हवा? शिकवणं, बाई, शिकवणं! एकतीस वर्षांची तपश्चर्या (तीस म्हणा (एक वर्ष मला कावीळ झाली होती..."

पण वर्गात काहीतरी वेगळं चाललंय हे त्यांनाही जाणवत होतं. शाळा चारला सुटली तरी 'ब'ची मुलं घरी जायची नाहीत. वर्गात बसून चिडीचूप अभ्यास करायची! कंसरावांचा ऊर भरून आला. एकदा वर्गाची मॉनिटर, दोन घट्ट वेण्यांची चुणचुणीत पोरगी, वाटेत गाठून म्हणाली, "सर, कालचं नळांचं जरा भरभर झालं."

काल वर्गात नळांचं काहीच झालं नव्हतं. पण चौथीपासून गणिताच्या तासाला पोट दुखणारी पोरगी आपणहून शंका विचारतेय म्हटल्यावर कंसरावांनी खोलात जायचं टाळलं. "सांगतो हं पुन्हा," ते म्हणाले, आणि त्या दिवशी नकाशांच्या खोलीत बाळ्याला नळ जरा सावकाश सोडायला लावले.

पुढे पावसात भिजून त्यांना खोकला झाला. वर्गात त्यांनी तो कसाबसा दाबून ठेवला. नकाशांच्या खोलीत मात्र मनसोक्त खोकले. दुसऱ्या दिवशी टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची पुडी, आणि चौतीस मुलं एका सुरात, "सर, आता बरं वाटतंय का?" कंसरावांना वाटलं, प्रेम असलं की न सांगता कळतं. त्या रात्री ते बायकोला म्हणाले, "पोरं जीव लावायला लागली गं!"

"तुम्हाला?" बायकोने चष्म्यावरून पाहिलं. "नीट चौकशी करा. दुसऱ्या कुणाला असेल."

सहामाहीत चौतीसपैकी चौतीस! कंसरावांनी निकालाच्या कागदावर 'अनुत्तीर्ण : शून्य' लिहिलं, आणि ते शून्य इतकं मोठं आणि गोल काढलं, की शेजारची सही त्यात अर्धी गेली.

पण आनंदाला गालबोट लागायचं ते लागलंच. सगळी शाळा एकच म्हणायला लागली : हवा! सातवी 'ब'ची हवा! शेजारच्या 'अ'च्या बाईंनी आपल्या सगळ्यात कच्च्या नऊ मुलांना मधल्या सुट्टीत 'ब'च्या जाळीसमोर रांगेत उभं केलं. "दीर्घ श्वास! धरा! सोडा! आता तेराचा पाढा म्हणा!" खेळाच्या सरांनी त्याचा कवायतीत समावेश केला. विज्ञानाच्या सरांनी जाळीपुढे फुगा धरून हवेचा नमुना घेतला आणि कपाटात कुलूपबंद ठेवला. एक पालक तर दमेकरी आजोबांनाच घेऊन आले. "म्हटलं, गणित नको, पण जरा बसवू का यांना इथे?"

मोठ्या बाईंनी संस्थेला पत्र लिहिलं. संस्थेने तीन जणांची समिती नेमली. हवेचा खरंच गुण असेल, तर आणखी पाच शाळा याच नमुन्याने बांधायच्या ठरत होत्या. आणि इकडे मिशीची गोष्ट आता शाळेबाहेर गेली होती. भाजीवालासुद्धा "काय सर, कधी?" म्हणून ओठांवरून बोट फिरवायला लागला!

"मिशीचं काही नाही गं," कंसराव बायकोला म्हणाले. "पण जन्मात एकदा वर्ग पास झाला, आणि श्रेय कुणाला? तर भोकाला! भिंतीतल्या भोकाला!"

बायकोने त्यांचं ताट वाढलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वाढलं.

समिती आली. समितीचे अध्यक्ष म्हणजे भरभक्कम गृहस्थ. शेवटच्या बाकावर बसले आणि बाक कण्हला. मोठ्या बाई होत्या, आर्किटेक्ट हातात नकाशांची गुंडाळी घेऊन आली होती, चौतीस मुलं ताठ बसली होती. मोठ्या बाईंनी हवेवर भाषण केलं. कंसराव ते ऐकत उभे होते आणि त्यांची मिशी साठ अंशांवरून सत्तरवर गेली होती.

"एक मिनिट!" शेवटी त्यांना राहवेना. "हवा की शिकवण, आत्ता निकाल लावू! मी ताजा पेपर काढतो. आत्ता. अर्ध्या तासात. पाच प्रश्न. माझ्याशिवाय जगात कुणालाही ठाऊक नसतील!"

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "आणि आम्ही?"

"तुम्ही इथेच बसा. मुलांवर नजर ठेवा. आणि त्या जाळीजवळ कुणालाही श्वास घेऊ देऊ नका!"

कंसराव तरातरा खाली गेले. कडी, बोळा, जगाचा नकाशा. आज त्यांनी वरून एक खुर्चीही दाराला लावली. टेबलाशी बसले. आजूबाजूला अशी शांतता होती, की जणू सगळी शाळा श्वास रोखून बसलीय! त्यांनी लाल पेन उघडलं आणि घसा खाकरला.

वर काय झालं ते त्यांना नंतर अनेकांनी सांगितलं, आणि प्रत्येकाने पदरचं तिखटमीठ लावून सांगितलं. पण मुख्य गोष्टींवर सगळ्यांचं एकमत होतं.

भिंतीतून कुणीतरी खाकरलं. समिती दचकली. मुलं दचकली नाहीत. चौतीस वह्या एकदम उघडल्या, चौतीस पेन्सिली एकदम वर आल्या.

"हं, बाळ्या," भिंत प्रेमाने म्हणाली, "बस. घाबरायचं नाही. आज मोठी माणसं आलीयेत, पण ती काही तुला खाणार नाहीत. प्रश्न पहिला. एक टाकी. पहिला नळ ती सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत. दोन्ही एकदम सोडले तर? अं? नऊ तास? अरे राजा, दोघं मिळून काम लवकर होईल की उशिरा? बघ हं. पहिला नळ तासाला टाकीचा सहावा भाग भरतो. दुसरा तिसरा भाग. सहावा आणि तिसरा मिळून किती? अर्धा! मग अख्खी टाकी किती तासांत?"

"दोन!" चौतीस मुलं पुटपुटली. शेवटच्या बाकावरून पस्तिसावा आवाजही आला. तो अध्यक्षांचा होता.

आर्किटेक्टने नकाशांची गुंडाळी तोंडावर धरली होती. मोठ्या बाई उठल्या, जाळीपाशी गेल्या, आणि नेमकं तेव्हाच भिंत म्हणाली, "आणि अडलं तर मोठ्या बाईंना विचारू नकोस हं. त्यांना तेराच्या पुढे पाढा येत नाही. मला ठाऊक आहे, पण मी कुणाला बोलत नाही."

मोठ्या बाई परत जागेवर येऊन बसल्या.

असे पाच प्रश्न झाले. वाचून, सोडवून, उत्तरासकट. पाचवा संपल्यावर भिंत जरा थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाळ्या, आज माझी फार मोठी परीक्षा आहे रे. नापास होणं म्हणजे काय असतं ते तुला मी काय सांगू? सातवीत मीही गणितात नापास झालो होतो. दोनदा! घरी मला बाळ्याच म्हणायचे. माझा मास्तर इतका ओरडायचा, की आकडे दिसायचेच नाहीत. कुणी शांतपणे शेजारी बसून सांगितलं असतं ना, तर..." पुढे नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि खुर्ची सरकल्याचा.

वर चौतीस पेन्सिली हळूच खाली आल्या.

पाच मिनिटांत कंसराव पाकीट मिरवत दारात हजर! पाकिटावर लाखेची मोहोर. "हे पाहा! मोहोर अभंग आहे, सगळ्यांनी पाहून घ्या. आता मी प्रश्न वाचतो आणि..."

"सर, झालं लिहून," मॉनिटर उभी राहून म्हणाली.

"काय झालं?"

"पेपर. पाचही प्रश्न. फक्त चौथ्यात तुम्ही एकदा सतरा म्हणालात आणि एकदा एकोणीस. आम्ही एकोणीस धरलेत."

कंसरावांनी तिच्याकडे पाहिलं. पाकिटाकडे पाहिलं. मोहोर अभंग होती. मग आर्किटेक्टने जाळीकडे बोट दाखवलं, आणि कंसरावांना एकदम खोकल्याच्या गोळ्या आठवल्या.

ते टेबलाच्या कडेवर टेकले. बावीस, एकोणतीस, चौतीस, सगळं पाण्यात! पहिल्या चाचणीपासून ते स्वतःच्या तोंडाने पेपर फोडत होते. रोज. कडी लावून!

"निकाल रद्द करा," ते अध्यक्षांना म्हणाले. एकही कंस न उघडता. "चूक माझी आहे. मुलांना काही बोलू नका."

"पण चूक कसली, सर?" मॉनिटरला काही कळेना. "तुम्ही रोज चार वाजता उजळणी घेता ना? आम्हाला वाटलं, नव्या शाळेत अशी सोयच केलीय. उजेडाची फळी, पाण्याची टाकी, तशी उजळणीची जाळी."

"आणि प्रश्न तेच येतात, ते नाही कळलं?"

"उजळणी केलेलंच परीक्षेत येतं, असं तुम्हीच म्हणता की!"

मॉनिटरने एकदा मोठ्या बाईंकडे पाहिलं आणि धीर करून म्हणाली, "सर, वर्गातले सर ओरडतात. जाळीतले सर ओरडत नाहीत. बाळ्याला कळेपर्यंत थांबतात. बाळ्याला कळलं की आम्हालाही कळतं."

कंसरावांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. मग चष्म्याखालचंही पुसलं.

तेवढ्यात आर्किटेक्टने तिची गुंडाळी टेबलावर पसरली. शेवटचं पान. लाल रेघ, आणि शेजारी कंसरावांचं ठसठशीत अक्षर : 'अनावश्यक. हवा कुठे बोलते?'

"हे... हे तू अजून ठेवलंयस?"

"जपून ठेवलंय, सर. शंभरपैकी त्रेचाळीस! तुमच्याकडून मला मिळालेले सगळ्यात जास्त गुण आहेत ते." ती हसली, आणि फळ्याकडे वळली. "आता मी काढू का एक पेपर? हा तर माझ्याशिवाय खरंच कुणाला ठाऊक नाही. मलासुद्धा अजून नाही."

तिने खडू घेतला आणि शाळेचंच गणित मांडलं. आधी वर्गात आठ दिवे पाच तास जळायचे, आता चारच दिवे एक तास लागतात. शेकडा किती वीज वाचली? टाकी पाच मीटर लांब, चार रुंद, दोन खोल. पाणी किती लिटर? असे पाच प्रश्न. मुलांनी नव्या कागदावर लिहायला घेतलं. मधेच एखादं पोरगं मान वर करून जाळीकडे पाहायचं, ओठ हलवायचं आणि पुन्हा लिहायचं. कंसराव भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांना ओरडावंसं वाटत होतं, खडू फेकावासा वाटत होता, आणि ते दोन्ही हात खिशात कोंबून गप्प राहिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा!

पेपर त्यांनीच तपासले, सगळ्यांसमोर. कुणाला नव्वद, कुणाला साठ, कुणाला चाळीस. चौतिसावा कागद खिडकीजवळच्या, कायम डुलक्या काढणाऱ्या पोराचा. वीस, दहा, शून्य, शून्य... आणि शेवटच्या प्रश्नात उत्तर चुकलेलं, पण अर्धी रीत बरोबर. किती द्यावे? उदारपणे गुण टाकून मोकळं होता आलं असतं. कंसरावांनी रीत तीनदा वाचली, अगदी बाळ्याला वाचून दाखवावी तशी. शून्य गुणांची नव्हती ती. शून्याने तर कुणाचंच भलं झालं नव्हतं. दोन पायऱ्यांचे झाले पाच. एकूण पस्तीस. पास!

"चौतीसपैकी चौतीस," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जाळीतल्यासारखा आला. वर्गाने बाकं वाजवली. आर्किटेक्टनेही.

पण गठ्ठ्यात अजून एक कागद होता. अध्यक्षांनी भरात येऊन स्वतःही पेपर सोडवला होता! पाच मीटर, चार मीटर, दोन मीटर, आणि उत्तर : चाळीस लिटर.

"साहेब, ती टाकी आहे," मॉनिटर अदबीने म्हणाली. "बादली नाही."

अध्यक्षांना अठरा मिळाले. त्यांनी कागदाची बारीक घडी केली, खिशात टाकली, आणि पाचही शाळा याच नमुन्याने बांधाव्यात अशी शिफारस जागच्या जागी लिहून दिली. ती जरा घाईतच दिली, असं सगळ्यांना वाटलं.

उरली मिशी. मोठ्या बाई विसरल्या नव्हत्या, आणि पाढ्यांचा उल्लेख झाल्यावर तर विसरणं शक्यच नव्हतं. "शिकवण तुमची, पण गेली हवेतूनच ना?" त्या गोड आवाजात म्हणाल्या. अर्धं श्रेय हवेला, म्हणून अर्धीच मिशी काढू, असा हिशेब कंसरावांनी मांडून पाहिला. बायकोने आरसा पुढे धरला, तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने मागे घेतला. दुसऱ्या दिवशी गुळगुळीत ओठांनी ते शाळेच्या फाटकाशी आले, तर शिपाईमामांनी अडवलं. "पालकांनी आधी ऑफिसात चौकशी करायची!"

वर्गात त्यांनी शांतपणे शिकवून पाहिलं. अगदी मनापासून. पहिल्या दहा मिनिटांतच दोन खडू हवेत गेले. सवय ती सवय! शेवटी मुलांनीच एक अर्ज दिला, चौतीस सह्यांचा : 'सरांनी वर्गात फक्त हजेरी घ्यावी आणि गणित खालूनच शिकवावं, ही नम्र विनंती.' शिवाय खाली 'अ'च्या नऊ कच्च्या मुलांच्याही सह्या होत्या. पेपर काढायचं काम मोठ्या बाईंनी आर्किटेक्टकडे सोपवलं, आणि कंसराव निवृत्त होईपर्यंत रोज चारला नकाशांच्या खोलीत जाऊन बाळ्याला शिकवत राहिले. कडी न लावता. वार्षिक निकालाच्या कागदावर त्यांनी शून्य काढलं, ते मात्र साधंच, नेहमीच्या आकाराचं.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी आर्किटेक्टने पाच नव्या शाळांचे नकाशे आणून त्यांच्यापुढे ठेवले. झालेली चूक सुधारली होती : शेवटच्या पानावर पुन्हा तीच ओळ, 'धुराड्यांना आतून आवाज शोषणारं अस्तर.'

कंसरावांनी मिशीच्या जागी हात फिरवला, लाल पेन उघडलं आणि ती ओळ खोडली. शेजारी लिहिलं, 'अनावश्यक. हवा बोलते.'

मग त्यांनी सगळी मापं पडताळली, नकाशा दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, एकदा आर्किटेक्टकडे पाहिलं आणि सढळ हाताने गुण दिले : शंभरपैकी चव्वेचाळीस.